आपली जीभ, उसने शब्द

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शनिवार शांततेत घालवायचाय त्यांना इथूनच मागे फिरता येईल. आजचा विषय पिण्याचा आहे. बिअर, सायडर, वाईन, उर्राक, मोहाची, जे काही आजवर या जिभेवरून खाली उतरलं त्याबद्दल. आणि लेख भांडखोर आहे. न पिणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही, ते सुखी लोक आहेत, त्यांच्या रविवार सकाळी तर फारच सुखी असतात. भांडण माझ्यासारख्याच मंडळींशी आहे. जे टीम आउटिंगला चारपाचशे रुपयांचा ग्लास मागवतात, अर्धा तास त्याच्याशी खेळतात, आणि "कशी आहे रे?" विचारलं की "स्मूद आहे" एवढंच सांगतात.

स्मूद! पाणीसुद्धा स्मूदच असतं की.

मुद्दा असा, की आपण मराठी लोक पितो बऱ्यापैकी, पण चव फारशी घेत नाही. आणि जे मोजके घेतात ते ती दुसऱ्याच्या शब्दांत सांगतात. हे मला खटकतं. वरवर पाहता हा रिकामटेकड्या माणसाचा प्रश्न वाटेल, पण तसा तो नाही. का नाही, ते पुढे येईलच.

आधी मेन्यूकार्ड बघू. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं आणि तेव्हापासून ताज्या बिअरचा हा प्रकार आपल्याकडे रुळला. चांगलं झालं, त्याबद्दल मला आनंदच आहे. पण बिअरबरोबर मेन्यूवरची भाषाही आली. परवा एका ठिकाणी (नाव सांगत नाही) इंडिया पेल एलपुढे लिहिलं होतं की हिच्यात पाईन, पॅशनफ्रूट आणि ब्रेडी माल्टच्या नोट्स आहेत. टेबलावर आम्ही सहा जण. सगळ्यांनी मान डोलावली. मी विचारलं, अरे, पॅशनफ्रूट कुणी खाल्लंय? कुणीच नाही. पाईनचा वास? एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "फरशी पुसायच्या फिनाईलला येतो तो ना?" बरोबर, तोच. फिनाईलमध्ये पाईनचंच तेल घालतात. म्हणजे सहा इंजिनिअर दोन वासांचं कौतुक करत होते, त्यातला एक त्यांनी कधी घेतला नव्हता आणि दुसरा त्यांना बाथरूममुळे माहीत होता. आपल्या प्रोजेक्टमध्ये कुणी अशी रिक्वायरमेंट साइन ऑफ केली असती तर आपण त्याला उभा जाळला असता.

गंमत पुढे आहे. त्याच ग्लासाला मला पिकलेल्या पेरूचा वास येत होता. फ्रिजमध्ये पेरू ठेवला की दुसऱ्या दिवशी दार उघडल्यावर दुधालासुद्धा जो वास लागलेला असतो, तो. म्हटलं हे फक्त मलाच होतंय का, म्हणून पुढे सरकवला. चौघे लगेच "अरे हो!" म्हणाले. आणि हा काही कविकल्पनेचा भाग नाही. पेरू आणि पॅशनफ्रूट या दोन्हींच्या वासात गंधकाची काही संयुगं सामाईक आहेत, आणि काही जातींच्या हॉप्समध्येही तीच सापडतात. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लां वाईनमध्ये पेरू येतो तो याच नात्याने, आणि तिच्यात ढोबळी मिरची येते ती दुसऱ्या एका संयुगामुळे, जे खऱ्या ढोबळी मिरचीतही असतं. म्हणजे ज्याने मेन्यू लिहिला त्याने त्याच्या बाजारातलं फळ सांगितलं. मी माझ्या बाजारातलं सांगितलं तर ते कमी प्रतीचं कसं काय ठरतं?

आता मराठीचा प्रश्न. पिण्याबद्दल मराठीत शब्द नाहीत असं कुणी म्हणू नये. भरपूर आहेत, पण ते कशाबद्दल आहेत ते बघा. तर्र, टुन्न, टल्ली, झिंगलेला, लास, आउट, चढली, उतरली, टाकून आलाय, विमान उडालंय. आषाढी अमावास्येला आपण दिव्यांचं सुंदर नाव सोडून गटारी म्हणतो, म्हणजे सण संपल्यावर माणूस कुठे सापडेल यावरून त्याचं नाव. सगळा शब्दसंग्रह पिऊन झाल्यानंतरचा! घोट तोंडात असताना काय होतं यासाठी एकही शब्द नाही. आणि पिण्याच्या क्रियेचं नाव घेणंही आपण टाळतो. "आज बसायचं का?" काय करायला बसायचं? "तो घेतो." काय घेतो? कर्म गाळलेली इतकी वाक्यं मराठीत दुसऱ्या कुठल्या विषयावर नसतील. ज्या गोष्टीचं नाव घ्यायची लाज वाटते तिची चव कोण सांगत बसणार?

उलट जेवणाच्या बाबतीत हीच भाषा काय श्रीमंत आहे बघा. पाणचट, मिळमिळीत, सपक, अळणी, मचूळ हे पाचही शब्द 'चव नाही' यासाठी आहेत आणि पाचही वेगळे आहेत. बोअरचं पाणी मचूळ, मीठ विसरलेली आमटी अळणी, मेसची आमटी पाणचट. कुणाचीही गल्लत होत नाही. वासाला दरवळ, घमघमाट, दर्प, भपकारा. भाजण्याला खमंग, खरपूस, करपट. बिघडण्याला खवट, कुबट, आंबूस. आणि तीव्रतेची पट्टी तर तयारच आहे: कडवट, कडू, कडूशार, कडूजहर. बिअरच्या जगात कडवटपणा मोजायला आयबीयू नावाचं एकक वापरतात, साधी लागर १० च्या आसपास, चांगली इंडिया पेल एल ४० ते ७०. आकडा चांगलाच आहे, पण मला कुणी सांगितलं की ही बिअर कडूशार आहे आणि ती कडूजहर, तर कुठली मागवायची ते मला आकड्याआधी कळतं.

तर माझा उपाय असा, की स्वयंपाकघरातले शब्द उचला आणि ग्लासापाशी न्या. नुसता उपदेश नको म्हणून माझ्या वहीतल्या काही नोंदी देतो. मी कुणी तज्ज्ञ वगैरे नाही, दिवसभर कोड लिहितो आणि शनिवारी असलं काहीतरी लिहितो. त्यामुळे या नोंदी तशाच घ्याव्यात.

हेफेवायझन, म्हणजे जर्मन गव्हाची बिअर: पहिल्या घोटाला शिकरण. अगदी शिकरण. त्यातही वेलची केळ्याची, आणि मागून मसालेभातातली लवंग दाताखाली आल्यासारखी. यात केळं नसतं आणि लवंगही नसते. पाणी, गहू, बार्ली, हॉप्स आणि यीस्ट, बस्. दोन्ही वास यीस्ट आंबवताना तयार करतं. मला या बिअरबद्दल कायम आदर वाटतो, कारण बाहेरची एकही लायब्ररी न वापरता एवढी फीचर्स दिली आहेत.

बेल्जियन विट: हिच्यात मात्र खरेच धने आणि संत्र्याची साल घालतात. वास गोडसर, पातळ, जरा ढगाळ. धने भाजत नाहीत, त्यामुळे आपल्या मसाल्याच्या डब्यासारखा वास येत नाही. धने-जिऱ्याचं पाणी गार करून प्यायल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात उत्तम.

गोझ: ही लाइपझिगची खासियत. आंबट, मीठ घातलेली, धने घातलेली. हिच्याबद्दल इंग्रजीत पानंच्या पानं लिहितात की ही चव नवख्याला झेपणं कठीण. अहो, मठ्ठा! कोथिंबिरीऐवजी तिचं बी आहे इतकंच. आंबटपणाही तोच, ताकातलाच, दुधात विरजण लावणाऱ्या जीवाणूंच्या भावकीचा. लग्नाच्या पंगतीत जिलबीवर तीन वाट्या मठ्ठा रिचवणाऱ्या मराठी माणसाला गोझ समजावून सांगायची म्हणजे कमाल आहे.

स्टाउट: कॉफी म्हणतात, चॉकलेट म्हणतात. मला चिकोरी जास्त झालेली कॉफी आणि नाचणीची भाकरी तव्यावर जिथे काळी पडते तो ठिपका आठवतो. खरपूस आणि करपट यांच्या मधली एक जागा असते, चांगली स्टाउट बरोब्बर तिथे थांबते. वाईट स्टाउट पुढे जाते आणि पातेलं बुडाला लागतं.

सायडर: आपल्याकडचं बहुतेक सायडर सरबत आहे. याचं कारण सफरचंदात आहे. इंग्लंडच्या पश्चिम भागात सायडरसाठी जी सफरचंदं लावतात ती नुसती खाल्ली तर तोंड आवळून घेतात. आपण आंबवतो ती खायची गोड सफरचंदं. त्यामुळे गोड आणि आंबट येतं, पण तुरट येत नाही. आता तुरट म्हणजे काय हे मराठी पोराला शिकवावं लागत नाही. आवळा, सुपारी, जांभूळ, कच्चं केळं. सहा रसांत त्याला स्वतःची गादी आहे. मग "यात तुरटपणा कमी पडतोय" असं वेटरला सांगणारा एकही मराठी माणूस मला आजवर का भेटला नाही?

स्ट्राँग बिअर: इथे मात्र शब्द संपतात आणि गणित सुरू होतं. गणितही आवश्यक आहे, कारण देशात खपणाऱ्या बिअरपैकी बहुतांश हीच आहे. ६५० मिलीची बाटली, ८ टक्के, म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडे व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची असते, ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये साधारण २५.७ मिली. म्हणजे स्ट्राँगची एक बाटली म्हणजे दोन लार्ज पेग. "मी दारू नाही घेत, फक्त बिअर" म्हणत दोन बाटल्या रिचवणारा माणूस चार लार्ज पेग लावून बाइकला किक मारतो! (बिअर कितीही टक्क्यांची असो, पिऊन गाडी चालवणाऱ्याशी माझं कसलंच सख्य नाही. कॅब मागवा.) आणि चव? गार असेपर्यंत काहीच नाही. कोमट झाली की गोडमिट्ट, मागून कच्च्या स्पिरिटचा भपकारा. ती चिल्ड प्यायची असते याचं कारण तेच, गारठ्यात जीभ बधिर होते. जी वस्तू चव लागू नये म्हणून गार करून पितात तिच्याबद्दल आणखी काय लिहू!

यावर हमखास येणारं उत्तर: "भाऊ, चवीसाठी कोण पितो? किक पाहिजे." ठीक आहे, किक पाहिजे तर पाहिजे. पण मग किकसाठी चारशे रुपये देऊन छतावर दिव्यांच्या माळांखाली कशाला बसायचं? रुपयाला किती मिली अल्कोहोल हेच एकक असेल तर कोपऱ्यावरचं देशी दारूचं दुकान तुम्हाला कधीच जिंकू देणार नाही. तिथे तुम्ही जात नाही, म्हणजे तुम्हाला किकशिवाय आणखी काहीतरी हवंय. ते काहीतरी म्हणजे बरेचदा चव नसून पत असते. इथे मला खरं भांडायचंय.

'देशी' आणि 'विदेशी' हे दोन शब्द घ्या. दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं असतं 'विदेशी मद्य', आणि आत जे मिळतं त्यातलं बरंचसं असतं भारतीय बनावटीचं विदेशी मद्य. हा शब्दप्रयोग एकदा मोठ्याने म्हणून बघा. आपल्याकडची स्वस्त व्हिस्की मुख्यतः उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटवर उभी असते, आणि देशी दारूही मळीचीच. युरोपात धान्यापासून न केलेल्या दारूला व्हिस्की म्हणूच देत नाहीत. म्हणजे एकाच मळीची दोन लेकरं, एकाला इंग्रजी नाव देऊन एसीत बसवलं आणि दुसऱ्याला संत्र्याचा वास देऊन गुत्त्यात. आणि जी खरोखर इथली आहेत, ज्यांना इथल्या झाडाची चव आहे, ती या दोन्ही पाट्यांवर नाहीत.

उर्राक आणि फेणी घ्या. मार्च ते मे, काजूचे बोंडू झाडावरून गळून पडले की वेचायचे, तुडवायचे, रस आंबवायचा, भट्टीवर चढवायचा. पहिल्या धारेचा उर्राक, तो पुन्हा उकळला की फेणी. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, पण बोंडूची दारू करायचं गोव्यातल्या लोकांनी ठरवलं. २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा-पेय ठरवलं. माझ्या वहीतली उर्राकची नोंद: 'पिकलेल्या बोंडूचा वास, गोडसर, जरा उतरलेला. लहानपणी बोंडू खाल्ल्यावर घशात बसायची ती कातर इथेही आहे, पण हलकी. लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घातली की ती कातर चवीचाच भाग होते. सोबत तळलेला बांगडा.' उर्राक टिकत नाही, हंगाम संपला की संपला. हापूससारखंच. हापूसची वाट बघणारे आपण उर्राकची वाट का बघत नाही?

तर म्हणे फेणीला वास मारतो. हे मला कोण सांगतं? तर जो मागच्याच आठवड्यात स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या पीटवाल्या सिंगल माल्टचं कौतुक करताना थकत नव्हता. त्या व्हिस्कीला आयोडीनचा वास असतो, डांबराचा असतो, सरकारी दवाखान्यात मलमपट्टीच्या खोलीत शिरल्यासारखं वाटतं. मलाही ती आवडते, प्रश्न तो नाही. मेक्सिकोच्या खेड्यांत जमिनीत खड्डा खणून घायपातीचे गड्डे भाजतात, काही ठिकाणी मातीच्या भांड्यात दारू गाळतात, त्या मेस्कालचा धुरकट दर्प 'ऑथेंटिक' असतो. आणि गोव्यातल्या भट्टीवरचा माणूस हेच करतो तेव्हा त्याला 'वास मारतो'. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय! नाक तेच आहे. फक्त कुठल्या वासाला दर्प म्हणायचं आणि कुठल्याला अरोमा, हे किमतीच्या चिठ्ठीवरून ठरतं.

याची किंमत मात्र खऱ्या माणसांना पडते. सिंधुदुर्गात काजूच्या बागा काही कमी नाहीत, पण बी काढून घेतल्यावर बोंडू बागेतच कुजतात, किंवा सीमा ओलांडून गोव्याच्या भट्टीवर जातात. तीच माती, तोच काजू, मधे राज्याची एक रेघ. रेघेच्या पलीकडे वारसा आणि अलीकडे हातभट्टीचा गुन्हा.

मोहाचं तर आणखी वाईट. फुलं पहाटे गळतात, ताजी गुबगुबीत आणि रसरशीत, वाळली की मनुकांसारखी. गडचिरोलीपासून नंदुरबार, पालघरपर्यंत आदिवासी घरांत ती अन्न होती, औषध होती, देवाला चढवायची वस्तू होती. इंग्रजांना दारूवरचा महसूल हवा होता, आणि घरोघरी गाळलेल्या दारूवर महसूल मिळत नाही. म्हणून १८७८ मध्ये मुंबईचा अबकारी कायदा आला आणि १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा वेगळा कायदा. फुलांवर कायदा! इंग्रज गेले, पण मोहाची 'हलकी', 'गावठी' ही समजूत राहिली, कारण ती आपल्याला सोयीची होती. गोव्यात बाटलीबंद मोहाची मिळाली तेव्हाची नोंद: 'भिजवलेल्या मनुका, त्यामागे पहिल्या पावसानंतरची माती, शेवटी किंचित कडवट. ग्लास रिकामा झाल्यावरही वास मागे राहतो.' मध्य प्रदेशने २०२२ मध्ये आदिवासींनी गाळलेल्या मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून बाजारात आणायचं धोरण केलं. आपल्या डहाणूतूनही २०२४ मध्ये मुरवलेल्या मोहाच्या मद्याची महागडी बाटली बाजारात आली. आता आपली मंडळी ती चवीचवीने पितील, मला खात्री आहे. बाटलीवर इंग्रजी असलं म्हणजे झालं.

आता यावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप. "घरं उद्ध्वस्त होतात आणि तू चवीच्या गप्पा मारतोस?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. गावोगावच्या बायकांनी रांगेत उभं राहून आडव्या बाटलीवर शिक्का मारला आणि दुकानं बंद पाडली, त्यांना चवीबद्दल ऐकवायचा अधिकार मला नाही. वर्धा, गडचिरोली हे जिल्हे कोरडे आहेत, चंद्रपूर २०१५ ते २०२१ कोरडं होतं, आणि त्या निर्णयांमागे खरी रडकथा होती. पण जरा विचार करा, ती घरं कशाने उद्ध्वस्त होतात? जी दारू घटाघट, उभ्या उभ्या, चव लागू नये अशा बेताने प्यायची असते, तिने. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. ती मिथेनॉलने मेली, आणि मिथेनॉल जिभेला ओळखू येत नाही, कितीही मुरलेला पिणारा असू दे. म्हणून चव घेता येणं हा काही सुरक्षेचा उपाय नव्हे, असं मी म्हणणारही नाही. मी एवढंच म्हणतो, की जो समाज आपण काय पितो हे उघड बोलतो तो बाटलीत काय आहे हेही विचारतो. लपूनछपून पिणाऱ्याला विचारायची सोय नसते.

आणि लपवाछपवीत आपला हात कोण धरणार? महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आजही प्यायला परवाना लागतो, घरात बसून प्यायलात तरी. वाईन-बिअरला २१ वर्षं पूर्ण हवीत आणि कडक दारूला २५. म्हणजे मतदान करता येतं, लग्न करता येतं, हापिसात प्रॉडक्शन सर्व्हरचा पासवर्ड मिळतो, पण व्हिस्की नाही. किती जणांकडे परवाना आहे ते आपापल्या मनात मोजा. दुसरीकडे २०२५ च्या जूनमध्ये याच राज्याने स्वस्त विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या ३ पटीवरून ४.५ पट केलं. दारूबंदीच्या कायद्याखाली परवाना घेऊन, तिजोरी भरायला प्यायची, असा हा आपला संसार आहे.

२०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हाची गंमत आठवते? अख्खा महाराष्ट्र "वाईन म्हणजे दारू की नाही" यावर भांडत होता. हा वाद मुळात होऊ शकला कारण आपल्याकडे सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, दारू. फटाक्यात भरतात तीही दारूच. फारसीत याच शब्दाचा अर्थ औषध. एकेकाळी आपल्याकडे वेगवेगळे शब्द होते. चरकसंहितेत ८४ आसवं सांगितली आहेत, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि मेदक, प्रसन्ना, मैरेय अशी पेयं नावानिशी, कृतीसकट दिली आहेत. आणि अगदी काहीच उरलं नाही असंही नाही. आजीच्या कपाटातलं द्राक्षासव घ्या. द्राक्षं आंबवून केलेलं, आतल्या आत तयार झालेलं ५ ते १० टक्के अल्कोहोल, बाटलीवर छापलेलं असतं. जेवणानंतर दोन चमचे, तक्रार नाही. चवीची नोंद: 'गोडसर, तुरट, मसाल्याचा वास, घशात ऊब'. हेच वर्णन मी एखाद्या पोर्ट वाईनपुढे लिहून दाखवू का?

तर मंडळी, मागणं फार मोठं नाही. पुढच्या वेळी ग्लास समोर आला की मेन्यूकार्ड पालथं घाला. पहिला घोट जिभेवर थोडा थांबवा. मग एक वाक्य मराठीत म्हणा, स्वतःच्या घरातला, बाजारातला, गावातला वास आठवून. "स्मूद" आणि "मस्त" बाद. वाक्य चुकलं तरी चालेल, शेजाऱ्याला वेगळं काही जाणवलं तर त्याला म्हणू द्या, यातच गप्पांची मजा आहे. आणि दुसऱ्या-तिसऱ्या ग्लासानंतर वाक्य सुचेनासं झालं तर तिथे थांबा. जिभेला काही कळत नसेल तर पुढचं पिणं कशासाठी, याचं उत्तर तुमचं तुम्हाला ठाऊक. माझ्यापुरतं सांगतो, वहीने माझं बिल निम्म्यावर आणलंय.

आणि एप्रिलमध्ये गोव्याला गेलात तर हॉटेलच्या बारमधली आयात बिअर सोडा आणि उर्राक विचारा. आवडला नाही तर खुशाल नाही म्हणा, पण का आवडला नाही ते नीट शब्दांत सांगा. नुसतं "वास मारतो" चालणार नाही.

असो. माझ्या वहीत एक रकाना अजून रिकामा आहे. उत्तम पिल्सनरचा पहिला घोट घेतल्यावर इंग्रजीत ज्याला 'क्रिस्प' म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावं? 'कुरकुरीत' नको, ती चकली झाली. 'करकरीत' जवळ येतो, पण करकरीत नोट असते, करकरीत सफरचंद असतं. सध्या पेन्सिलीने 'करकरीत' लिहून ठेवलंय. याहून बरा शब्द सुचला तर जरूर कळवा, खोडरबर तयार आहे.